नऊ दिवसांचं ऊन

हिरवा दिवा काही लागेना.

मी कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद केला, वीस आकडे मोजले आणि पुन्हा चालू केला. पडदा उजळला, फ्लॉपी ड्राइव्ह खरखरला, बीप वाजला. सगळं जागच्या जागी. फक्त पाठीमागे, आमच्या कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीवर मुगाच्या दाण्याएवढा जो हिरवा दिवा असतो, तो तेवढा काळाठिक्कर.

"मॅडम, उद्या सकाळी नऊला गाळपाची पहिली मोळी टाकायची आहे," मागून चीफ इंजिनिअर जगतापसाहेब म्हणाले. "चेअरमन येणार, सगळे येणार. आज संध्याकाळी ट्रायल झाली पाहिजे."

"होऊन जाईल सर," मी म्हणाले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. इंदापूर तालुक्यातला एक साखर कारखाना. नाव सांगत नाही. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. वय सत्तावीस, डोक्यात हवा भरपूर. माझ्याआधी त्या मिल हाउसमध्ये बाई आली होती ती फक्त पूजेचं ताट घेऊन, असं तिथल्याच एकाने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

आमचं कार्ड काय करायचं, ते आधी सांगते. ऊस गव्हाणीवर पडतो. गव्हाण म्हणजे ऊस मिलकडे वाहून नेणारा मोठा पट्टा. तिथून तो तुटून, चिरून एका उंच उभ्या पेटीत पडतो आणि तिच्या खालच्या तोंडातून मिलच्या रोलरमध्ये जातो. या पेटीला चूट म्हणतात. चूट जास्त भरली तर चोकअप होतं आणि मिल थांबते. कमी भरली तर रोलर पोकळ फिरतात. पूर्वी एक माणूस वरून वाकून बघायचा आणि गव्हाणीचा वेग कमीजास्त करायचा. आमचं कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत बसून हेच काम सेकंदात शेकडो वेळा करायचं. त्या वर्षी कारखान्याने नवी, जास्त उंच चूट बसवली होती. वरून बघून आत काही दिसायचं नाही. त्यामुळे कार्ड नाही तर मिल नाही, असा मामला होता.

या कार्डाचा जीव होता एफपीजीए नावाची एक चिप. मी निवृत्त झाले तरी या चिपबद्दलचं माझं नवल काही संपलेलं नाही. बाकीच्या चिप कारखान्यातून निघतानाच काहीतरी ठरून निघतात. कुणी घड्याळ, कुणी कॅल्क्युलेटर. एफपीजीए कोरी निघते. तिच्या पोटात हजारो बारीक दारं असतात आणि कुठलं दार कुठल्या दाराला जोडायचं हे तिला बाहेरून सांगावं लागतं. बरं, सांगितलेलं तिच्या लक्षात राहत नाही. लाइट गेली की ती सगळं विसरते. म्हणून तिच्या शेजारी एक दुसरी चिप बसवलेली असते, ईप्रॉम. लाइट आली की एफपीजीए आधी या शेजारणीकडून आपण कोण आहोत ते वाचून घेते, पाव सेकंदात तशी होते आणि मग हिरवा दिवा लावून सांगते, मी तयार आहे. जिथे दिवसातून चार वेळा लाइट जाते तिथे ती चार वेळा नव्याने जन्माला येते. आम्ही त्या ईप्रॉममध्ये जे लिहायचो ते फर्मवेअर. लिहिण्याला हल्ली फ्लॅश करणं म्हणतात, तेव्हा आम्ही 'बर्न करणं' म्हणायचो.

तर दिवा लागत नव्हता. मी फारशी घाबरले नाही, कारण तसंही मला ईप्रॉम बदलायचीच होती. नव्या चुटीसाठी नवं फर्मवेअर पुण्यात बर्न करून ती चिप मी पर्समधल्या काळ्या फोममध्ये खोचून आणली होती.

"जुनी चिप गेलेली दिसते. नवी घालते," मी म्हणाले.

जगतापसाहेब जागचे हलले नाहीत. ते बघत असले की माणसाचे हात आपोआप भरभर चालतात. मी कार्ड बाहेर काढलं, जुनी चिप उचकटली, नवी दाबून बसवली, कार्ड खाचेत घातलं, स्विच टाकला. दिवा नाही. दोन क्षणांनी एक वास आला, तापलेल्या बॅकेलाइटचा. मी झटकन स्विच बंद केला आणि चिपवर बोट ठेवलं. चटका बसला.

ट्रकच्या मागे 'अति घाई संकटात नेई' लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. अठ्ठावीस पायांच्या त्या चिपच्या एका टोकाला छोटी खाच असते. ती कुठल्या बाजूला ठेवायची हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ती उलटी बसवली होती. उलटी बसवली की जिथे वीज आत जायची तिथून ती बाहेर निघू पाहते आणि चिप जळते. मी एकच चिप आणली होती.

कुणाला काही कळलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं. मी स्विच टाकेपर्यंत जगतापसाहेब फोन घ्यायला बाजूला गेले होते. शेजारी फक्त बिरूआप्पा होते, हातात बॅटरी धरून.

बिरूआप्पा म्हणजे तिथले इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. लोणी भापकरचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी ती मोडून शेती धरली, आणि बिरूआप्पा बघून बघून वायरमन झाले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, बोलणं मोजकं, हात अतिशय स्वच्छ. चौदा हंगाम ते या कारखान्यात हंगामी होते. हंगामी म्हणजे गाळप चालू असेल तेवढे महिने काम. बाकीचं वर्ष आपलं आपण बघायचं. सकाळीच जगतापसाहेब मला त्यांच्यासमोर म्हणाले होते, "यांना यंदा कायम करतोय मी. सोमवारी संचालकांची बैठक आहे, माझं पत्र गेलं की झालं." तेव्हा बिरूआप्पांनी नुसती मान खाली घातली होती. पण कान लाल झालेले मी बघितले होते.

फोन संपवून साहेब आले. मी म्हणाले, "सर, जुनी चिप का गेली ते आधी बघावं लागेल." हे खोटं नव्हतं. अर्धं होतं.

"बघा. आणि कारण लेखी पाहिजे मला, संध्याकाळपर्यंत. दोन हंगामांत हे कार्ड कधी बंद पडलं नाही. इन्स्ट्रुमेंटवाल्यांपैकी कुणी उद्योग केला असेल तर नाव लिहा. मशीनशी खेळ करणारा माणूस मी ठेवत नसतो." एवढं बोलून ते बॉयलरकडे निघून गेले.

जुनी चिप मी हातात घेतली आणि बघतच राहिले. तिच्या पाठीवर वाटाण्याएवढी गोल काच असते. या काचेवर आम्ही चांदीच्या रंगाची चिठ्ठी चिकटवायचो. कारण ईप्रॉम पुसायची असेल तर याच काचेतून आत अतिनील किरणं सोडतात. उन्हातही ती किरणं थोडी असतात, म्हणून काच झाकायची. इथे चिठ्ठी गायब होती आणि काच लखलखत होती.

मी सोबतचा प्रोग्रामर जोडला. प्रोग्रामर म्हणजे चिप वाचायची आणि लिहायची डबी. पडद्यावर चिपमधला मजकूर उमटला. पान भरून एकच अक्षर: कोरं, कोरं, कोरं. मधेच कुठेतरी जुन्या मजकुराचा तुकडा, उंदराने कुरतडून सोडल्यासारखा.

"बिरूआप्पा, यावरची चिठ्ठी कुठंय?"

"काढली की," ते सहज म्हणाले. "पावसाळाभर ही कॉम्प्युटरची केबिन बंद व्हती. चिठ्ठीखाली ओल धरलेली, बुरशी आल्याली. मग काढली, पुसून घेतली. कार्डाला ऊन दावलं."

"ऊन दाखवलं?"

"व्हय. घटं बसली त्या दिवशी काढलं भाईर. सुपात पांढरं फडकं आंथारलं, त्यावर ठिवलं, आन् स्टोअरच्या गच्चीवर रोज सकाळी नेऊन ठिवायचं, पाचला आत आनायचं. कावळं हानायला मी हुबा. नऊ दिस. आमच्यात पावसाळा सरला की घोंगड्यास्नी दावत्यात तसं. खंडेनवमीला मीटर, पकड, कार्ड, समद्याची पूजा केली आन् परत बसीवलं."

मी कपाळाला हात लावला. आमच्या पुस्तकात एक वाक्य असतं: काच उघडी ठेवून चिप थेट उन्हात ठेवली तर साधारण आठवड्याभरात पुसली जाते. ते वाक्य मी कॉलेजात पाठ केलं होतं. जन्मात कधी कुणी हे खरंच करून बघेल असं वाटलं नव्हतं. आणि या माणसाने नऊ दिवस, ऑक्टोबरच्या उन्हात, कावळे हाकत ते केलं होतं. चिडावं की हात जोडावेत तेच कळेना. शेवटी मी चिडले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तुम्ही सगळं पुसून टाकलंत, आप्पा. त्यात जे लिहिलं होतं ते उन्हाने गेलं."

बिरूआप्पांनी त्या काचेकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी मीच मारली व्हय तिला?"

सोमवारचं पत्र आम्हा दोघांच्याही डोक्यात होतं, पण त्याचं नाव कुणी काढलं नाही.

मी गेटबाहेरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला माझे साहेब कर्णिक यांना फोन लावला. जुनी चिप कशी पुसली गेली ते सांगितलं. नवी चिप 'चालत नाही' एवढंच सांगितलं.

"मग सोपं आहे. रिपोर्टमध्ये कस्टमर मिसहँडलिंग लिहा," कर्णिक म्हणाले.

"सर, त्या माणसाची नोकरी जाईल."

"ते त्यांनी बघायचं. वॉरंटी आपल्या अंगावर येता कामा नये. माणसाचं नाव घालून लिहा. नवी चिप उद्याच्या एसटीने पाठवतो, दुपारपर्यंत पोचेल."

दुपारपर्यंत चेअरमन मोळी टाकून, पेढा खाऊन घरी गेले असते. मी फोन ठेवला. बूथच्या बाहेर बिरूआप्पा उभे होते.

"बाई, त्यात परत लिवता येत न्हाय का?"

"येतं. फायली आहेत माझ्याकडे फ्लॉपीत. पण आधी उरलेलं सगळं पुसायला पाहिजे. जुना मजकूर अर्धवट राहिलाय, त्याच्यावर नवा बसणार नाही."

"मग पुसा की."

"त्याला खास दिवा लागतो. तो पुण्याला आहे."

"कसला दिवा?"

"निळसर जळतो. डोळ्याने बघायचा नसतो. कातडी भाजते. जंतू मारायला..."

"त्यो व्हय," बिरूआप्पा म्हणाले. "त्यो पणदऱ्याला हाय की. त्याचा चोक गेल्या उन्हाळ्यात मीच बदललाय."

झालं होतं असं. गाळप नसलं की बिरूआप्पा गावोगाव वायरिंगची कामं करायचे. पणदऱ्याजवळ एका भाजीपाला-फळवाल्या कुटुंबाने मळ्यातच टिश्यू कल्चरची छोटी लॅब काढली होती. केळीची, उसाची रोपं तिथे बाटलीत वाढवायचे. लॅबमध्ये हवा शुद्ध करणारी काचेची पेटी असते आणि त्या पेटीत जंतू मारायला तोच दिवा असतो, जो आमच्या ईप्रॉम पुसायच्या डब्यात असतो. चौदा हंगाम हंगामी राहिलेल्या माणसाला बारा गावची माहिती होती. कायम असलेल्या मला पुण्याच्या पलीकडचं ठाऊक नव्हतं.

बिरूआप्पांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी निघाले. भवानीनगर मागे पडलं, बारामती आली, स्टँडपाशी त्यांनी मला न विचारता चहा पाजला, आणि मग नीरेच्या रस्त्याने आम्ही पणदऱ्याकडे वळलो. ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला. चिप माझ्या मुठीत होती. तिच्याकडे ऊन जाऊ नये म्हणून मी मूठ ओढणीत गुंडाळली होती, आणि आता तिला ऊन लागलं तर उलट बरंच आहे, हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं.

लॅब सुमनताई बघायच्या. त्या घरच्या सूनबाई, बारामतीला बीएस्सी झालेल्या. पांढरा कोट, डोक्याला रुमाल. बिरूआप्पांना बघून म्हणाल्या, "आप्पा, चपला भाईर. पाय धुवा. बाई, तुमी पन."

मी घाईघाईने कारण सांगितलं. त्यांनी मधेच थांबवलं. "आत जायची कुठलीबी वस्तू हितं आधी स्पिरिटनं पुसतात. आना." आणि कापसाने त्यांनी चिपची काच घासली. कापूस काळा झाला. चिठ्ठीचा गोंद होता तो. तसाच राहिला असता तर किरणं आत गेलीच नसती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, त्यांच्या आलं.

दिवा पेटीत वर, हातभर उंचीवर होता. इतक्या लांबून पुसायला दिवस गेला असता. सुमनताईंनी रिकाम्या बाटल्यांचा ओटा रचला, वर स्टीलची ताटली ठेवली. दिव्याच्या नळीपासून दोन बोटांवर चिप आली. काच वर करून ठेवली. पेटीचं तावदान बंद केलं. साध्या काचेतून ती किरणं बाहेर येत नाहीत. स्विच टाकला. आत निळसर उजेड पसरला.

"आता दीड तास," मी म्हणाले. "जे उन्हाला नऊ दिवस लागले ते याला दीड तासात होईल."

वाट बघताना सुमनताईंनी मला आतली खोली दाखवली. भिंतभर मांडण्या, मांडण्यांवर शेकडो बाटल्या. प्रत्येक बाटलीत चिमूटभर हिरवं काहीतरी. एका बाटलीत मात्र मळकट पांढरा गोळा होता, भिजलेल्या भाकरीच्या तुकड्यासारखा.

"हा काय?"

"ऊस," त्या म्हणाल्या. "पानाचा बारीक तुकडा लावला की त्याचा असा गोळा होतो. ह्यातल्या पेशी अजून कोन न्हाईत. मूळ न्हाय, पान न्हाय."

बिरूआप्पा वाकून बघत होते. "मग त्यास्नी कोन सांगतं, तू मूळ व्हय आन् तू पान व्हय?"

"आमीच. खालच्या खिरीत, म्हंजी रोपाच्या खान्यात, दोन औषधं असतात. एकाचं प्रमान वाढवलं की मुळं फुटतात, दुसऱ्याचं वाढवलं की पानं. गोळा त्योच."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं सांगत नाही, हातावरचे केस उभे राहिले. चार वर्षं इंजिनिअरिंग, पाच वर्षं नोकरी, आणि माझ्याच चिपची गोष्ट मला पणदऱ्यात उसाच्या गोळ्याने समजावली. मी त्या दोघांना एफपीजीएबद्दल सांगितलं. कोरी असते, सांगावं लागतं, सांगितलं तशी होते. सुमनताईंनी दोनदा विचारलं, "आन् लाइट गेली की विसरती?" मग म्हणाल्या, "आमच्या रोपाला एकदा सांगितलं की बास."

बिरूआप्पा एक हात त्या बाटलीजवळ नेऊन, न लावता, तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "येवढं सगळं कोरं आसतंय, आन् आपल्याला ठावबी नसतंय." मला तेव्हा त्यांच्याकडे बघताना जे वाटलं त्याला आदर हा शब्द पुरत नाही. मी त्या चिपा पाच वर्षं हाताळत होते. इतकं हरखून त्या चिपांकडे शेवटचं कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

दीड तासाने दिवा बंद केला. लॅबमध्ये कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे चिप खरंच कोरी झाली की नाही ते परत जाऊनच कळणार होतं. येताना आम्ही कुठे थांबलो नाही.

केबिनमध्ये पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मी चिप प्रोग्रामरमध्ये घातली. पडद्यावर कोरं, कोरं, कोरं. या वेळी मधे एकही तुकडा नव्हता. फ्लॉपी घातली, नवी फाइल लावली. आकडे वर चढायला लागले. हजार, दोन हजार, चार हजार. बर्न झालं, तपासणी झाली, जुळलं. मी माझ्या ओळखपत्राच्या पाकिटातली चंदेरी चिठ्ठी काढून काचेवर चिकटवली आणि नखाने चारही बाजूंनी दाबली.

कार्डाच्या सॉकेटवर चिप धरली आणि माझा हात थांबला. खाच कुठल्या बाजूला, हे मला ठाऊक होतं. तरी थांबला.

"खाच खिडकीच्या अंगाला," बिरूआप्पा हळूच म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही सकाळी बघितलं होतं?"

"बघितलं व्हतं. उलटी बसली व्हती. मला वाटलं, तुमचं कायतरी कारन आसंल."

मी चिप बसवली. खाच खिडकीच्या अंगाला. स्विच त्यांनाच टाकायला सांगितला. फ्लॉपी ड्राइव्ह खरखरला, बीप वाजला आणि हिरवा दिवा लागला. आम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलो. पाव सेकंदात एक अख्खं यंत्र त्या काळ्या चौकोनात उभं राहिलं होतं. तिकडे गव्हाणीची मोटर घुमली. चुटीत ऊस किती चढला ते सांगणाऱ्या सेन्सरवर बिरूआप्पांनी ओलं पोतं लावून बघितलं, गव्हाण हळू झाली. काढलं, वेग वाढला.

आता रिपोर्ट. छापील फॉर्म असतो. त्यात एक रकाना: बिघाडाचं कारण. कर्णिकसाहेबांना हवं होतं ते मी लिहिणार नव्हते, एवढं ठरलं होतं. मी लिहिलं: 'जुनी चिप वयोमानामुळे खराब. दुरुस्त करून बसवली.' नवीबद्दल काही लिहिलं नाही. साप मेला, काठीही शाबूत. स्वतःच्या मनाच्या मोठेपणावर मी चांगलीच खूश होते.

"काय लिवलं, बाई?" बिरूआप्पांनी विचारलं. फॉर्म इंग्रजीत होता. "वाचून दावा."

मी मराठी करून वाचून दाखवला. वाटलं, आता हा माणूस आभार मानणार.

"वयोमान?" ते म्हणाले. "दोन हंगामाची चिप आन् वयोमान? आवं, तिचा काय दोष हाय? ती चांगली व्हती."

"आप्पा, तुमचं पत्र..."

"ठाव हाय. पन ह्ये आसं लिवलं तर म्होरल्या वर्षी दुसरा कोनतरी तिला ऊन दावंल. चांगल्याच मनानं दावंल. त्याला कोन सांगनार?"

आणि ते चालायला लागले. मी फॉर्म घेऊन मागे धावले. जगतापसाहेबांच्या ऑफिसात शिरून बिरूआप्पांनी टोपी काढली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठी काढली, सुपात ठेवलं, नऊ दिवस, खंडेनवमी. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही.

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी विचारलं, "आणि मॅडमनी सकाळी नवी चिप आणली होती. तिचं काय झालं?"

बिरूआप्पांनी वर पंख्याकडे बघितलं. "त्ये मॅडमस्नी ठाव."

त्यांनी खोटं सांगितलं नाही. मला पकडूनही दिलं नाही. सगळं माझ्यावर सोडून ते पंख्याकडे बघत राहिले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दहा मिनिटांपूर्वी मी या माणसावर उपकार करत होते.

"मी उलटी बसवली सर," मी म्हणाले. "जळली. चूक माझी."

साहेबांनी हात पुढे केला. मी फॉर्म दिला. त्यांनी कारणाचा रकाना वाचला, पेनने आडवी रेघ मारली आणि परत दिला.

"दोन्ही लिहा. चिठ्ठी काढू नये हे तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे?"

"आहे सर."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजी."

"तेही लिहा. कारण नंबर तीन." मग ते बिरूआप्पांकडे वळले. "नऊ दिवस गच्चीवर उभा होतास?"

"व्हय साहेब. कावळं लई हायत."

साहेबांनी टेबलावरची एक फाइल जवळ ओढली, आतला टाइप केलेला कागद काढला आणि आमच्यासमोर सही केली. एवढंच. वर बघून म्हणाले, "उद्या नऊला केबिनमध्ये तूच थांबायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मोळी पडली, चूट भरली, गव्हाण हळू झाली, परत वेगात आली. चोकअप झालं नाही. सोमवारी ते पत्र बैठकीत गेलं आणि पंधराव्या हंगामात बिरूआप्पा कायम झाले. मला कर्णिकसाहेबांनी मेमो दिला, तीन कारणांपैकी दोन कंपनीची निघाली म्हणून. तो मी अजून जपून ठेवलाय.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. रिपोर्टवर सही करण्याआधी तो मशीन चालवणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. वेळ जातो, साहेब लोक घड्याळ बघतात. पण निम्म्या वेळा तरी मला बिघाडाचं कारण खोडून परत लिहावं लागलं.